सात चिंचोके

घटिकापात्र बुडतं तेव्हा फार आवाज होत नाही. तांब्याची पातळ वाटी, बुडाला सुई जाईल एवढं भोक. ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी हळूहळू वर चढतं, आणि एक घटका भरली की वाटी कलते, 'बुडुक' म्हणते आणि तळाशी जाऊन बसते. मग ती बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा सोडायची. सूर्योदयापासून अशा किती बुडाल्या हे ज्याच्या ध्यानात राहतं, त्याला लग्नाचा मुहूर्त कळतो. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, कसबा पेठेतले घटकेचे जोशी होते. आसपासच्या पाच-सहा आळ्यांतली लग्नं त्यांच्या शब्दावर लागत. त्यांनी 'मुहूर्त आला' म्हटल्याशिवाय अंतरपाट खाली येत नसे, मग वरबाप कितीही मोठा सरदार असो.

हे सगळं मी आता का लिहायला बसले, ते आधीच सांगून टाकते. परवा मी हिंगाची डबी कुठे ठेवली ते विसरले. सकाळभर शोधली, सुनेवर उगाच डाफरले, आणि दुपारी जेवताना एकदम आठवलं की ती मीच देवघराच्या कोनाड्यात ठेवली आहे. आठवलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. सुनेला वाटलं, सासूबाई हिंगासाठी रडतात. तिला काय सांगणार? तर जोवर आठवतंय तोवर कागदावर उतरवलेलं बरं. लिहायला मला मामंजींनीच शिकवलं. त्यांची नजर अधू झाली आणि पंचांग वाचून दाखवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. बाईमाणसाच्या हातात बोरू पाहून नाकं मुरडणाऱ्या आळीतल्या बायकांना ते म्हणायचे, "तुमच्या घरात सगळे वाचणारे आहेत ना, मग एक पाठवा इकडे." कुणी पाठवला नाही.

घरात आम्ही तिघंच. मामंजी, सासूबाई आणि मी. माझे यजमान एका सरदाराच्या फौजेबरोबर जोशी म्हणून स्वारीवर असत. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, धुळीने माखून घरी येत आणि आठ दिवस झोपून परत जात. घर बेताचं, दोन खणांचं, मागे परस आणि परसात चिंचेचं झाड. पलीकडच्या आळीत तांबट. दिवसभर त्यांच्या हातोड्यांची ठकठक चाले आणि ती थांबली की काहीतरी चुकल्यासारखं वाटे. सकाळी मेतकूट-भात, दुपारी भाकरी, अंबाडीची भाजी नाहीतर कुळथाचं पिठलं, आणि लग्नसराई असली की मांडवातून आलेले चार लाडू. चिंचेच्या दिवसांत सासूबाई परसात बसून चिंच फोडायच्या आणि चिंचोके माझ्याकडे टाकायच्या. मी सासरी आले तेव्हा खेळण्याच्या वयाचीच होते, आणि त्या हे विसरल्या नव्हत्या.

बाकी सासूबाई पुष्कळ विसरायच्या. मला हाक मारायची तर आधी दोन्ही नणंदांची नावं घेऊन मग माझ्यावर यायच्या. कमरेला किल्ली अडकवलेली आणि सगळं घर शोधतायत! आमटीत मीठ दोनदा पडायचं. पण विसरलं की त्यांना राहवत नसे, त्या शोधत, चिडत, स्वतःवर हसत, आणि संध्याकाळी दिवा लावताना मध्येच ओरडत, "अगं, आठवलं!" त्यांच्या विसरण्याला आम्ही इतके हसलो की मामंजींचं विसरणं शिरलं ते आम्हाला कळलंच नाही. एकदा जेवून, हात धुऊन, सुपारी कातरून झाल्यावर ते म्हणाले, "आज पानं वाढायला उशीर का?" सासूबाई हसल्या. त्यांना वाटलं थट्टा करतात. त्यांची थट्टा अशीच कोरडी असे. मीही पदराआड हसले. ते हसले नाहीत. पाटावर बसून राहिले, वाट पाहत.

मग एके दिवशी नदीवर आंघोळीला गेलेले मामंजी सूर्य डोक्यावर आला तरी परतले नाहीत. शेवटी पलीकडच्या आळीतला म्हातारा तांबट त्यांना दारापर्यंत घेऊन आला. ओला पंचा अंगावरच वाळलेला. तांबट सासूबाईंना म्हणाला, "जोशीबुवा आमच्या आळीत फेऱ्या मारत होते, काकू. घर कुठं म्हणून विचारलं, तर म्हणाले, थांब, ठोके मोजतोय." ज्या बोळात त्यांचा जन्म झाला, त्या बोळाचं तोंड त्यांना सापडत नव्हतं. तांबट गेल्यावर सासूबाईंनी दार लावून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे बाहेर बोलायचं नाही. कुणाजवळही नाही. कळलं?"

वैद्यबुवांना मात्र बोलवावं लागलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मामंजींना आजची तिथी विचारली. मामंजींनी तिथी सांगितली नाही, तिथी काढायची कशी ते सांगितलं, आणि तेही बिनचूक. वैद्यबुवा ओसरीवर येऊन बसले. सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "वय झालं की विसरायला होतंच की. मीसुद्धा विसरते."

"तुम्ही विसरता आणि शोधता," वैद्यबुवा म्हणाले. "हे शोधत नाहीत. हा फरक आहे, बाई. तूप द्या, ब्राह्मी द्या, भांडू नका. आणि घटकेला बसवू नका."

शेवटचं तेवढं आम्ही ऐकलं नाही. ऐकणार तरी कसं? घटकेला बसणं काढून घेतलं तर त्या माणसाचं उरत काय होतं? पुण्यात दुसरे जोशी घटका बुडाली की घंगाळाच्या काठावर कुंकवाचं बोट ओढत. एकेक बोट म्हणजे एकेक घटका. मामंजी कधीच बोट ओढत नसत. "खुणा विसराळू माणसाला लागतात," ते म्हणत. सगळी मोजणी डोक्यात. हीच त्यांची कीर्ती. लोक मुद्दाम पाहायला येत की मांडवात एवढा गोंगाट, सनई, पोरांची रड, जेवणाची घाई, आणि हा म्हातारा पाण्याकडे डोळे लावून बसलाय तो एक घटका चुकत नाही. आता त्याच माणसाला कुंकवाची बोटं ओढायला सांगायची म्हणजे भर पेठेत दवंडी पिटण्यासारखं होतं. सासूबाईंनी ते सुचवून पाहिलं. मामंजींनी कुंकवाचा करंडा उचलून परसात फेकला.

म्हणून मी माझी युक्ती काढली. तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची असेन आणि मला माझ्या हुशारीचा भारी अभिमान होता. लग्नघरी घंगाळ मांडवाच्या कडेला, बायकांच्या बाजूला ठेवत. पाणी द्यायला म्हणून मी तांब्या घेऊन मामंजींच्या मागेच बसायची. ओटीत चिंचोके. एक घटका बुडाली की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. आणि जितके चिंचोके उजवीकडे, तितक्या वेळा मी हातातली बांगडी तांब्यावर वाजवायची. टिण, टिण, टिण. मामंजी मान न वळवता ऐकत आणि पुटपुटत, "तीन." आधीच्या घटका ते अशाच पुटपुटत असत, लोकांना शेवटचीच तेवढी मोठ्याने ऐकायची असते.

आम्ही दोघं याविषयी कधी एक शब्द बोललो नाही. पण एकदा लग्नाला निघताना ते उंबऱ्याशी थबकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, आज जरा मोठ्याने वाजवा. मला कमी ऐकू येतं." त्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. मी 'हो' म्हटलं आणि चुलीकडे जाऊन रडले. आपल्याला काय होतंय हे त्यांना तोवर कळत होतं. तो काळ त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट असणार असं मला आता वाटतं. तेव्हा मी फक्त एवढंच पाहिलं की लग्नं बिनचूक लागतायत. दोन लग्नसराया अशा निघाल्या. यजमान मधे येऊन गेले, वडिलांची संध्या ऐकली, स्तोत्रं ऐकली, एक अक्षर कुठे अडखळत नाही हे पाहिलं आणि म्हणाले, "बाबा ठणठणीत आहेत." मी त्यांची शिदोरी बांधून दिली. आणि हळूहळू मामंजींनी स्वतः मोजायचं सोडून दिलं. जी काही मोजणी त्यांच्या डोक्यात उरली होती, तीही माझ्या बांगडीने खाल्ली. हे मला फार उशिरा उमगलं.

समोर पुराणिकबुवा राहत. त्यांची धाकटी यमू नऊ वर्षांची होती आणि माझ्या परकरापोलक्यातल्या दिवसांची आठवण म्हणून जणू देवाने मला दिली होती. दुपारी आमच्याकडे यायची, माझ्याशी चिंचोक्यांनी खेळायची, हरली की रुसायची आणि भूक लागली की रुसवा काढायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने मला बजावलं, "वहिनी, मला हळद तूच लावायची. आणि तू मागे बसून राहायचं नाहीस, पुढे यायचं." स्थळ चांगलं होतं. मुलगा पंधराचा, हसरा. मुहूर्त सकाळचा, सूर्योदयापासून नऊ घटकांचा. मी नऊ चिंचोके धुऊन डबीत ठेवले.

लग्नाच्या पहाटे मला कावळा शिवला.

अंधारातच मी परसात गेले आणि तिथेच उभी राहिले. आत सासूबाई सोवळ्यातलं पाणी भरत होत्या. एक क्षण, खरंच सांगते, एकच क्षण माझ्या मनात आलं की गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? पण घटकेच्या पाण्याला माझा हात लागणार होता, नव्या नवरीच्या डोक्यावर त्या मुहूर्ताच्या अक्षता पडणार होत्या. त्यात काही वाईट झालं असतं तर मी स्वतःला काय तोंड दाखवलं असतं? मी दारातूनच सांगितलं. सासूबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "डबी कुठे आहे? मी मोजते. मला मोजता येतं."

मी परसात बसून राहिले. समोरची सनई ऐकू येत होती. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, सावली पडत नव्हती, त्यामुळे दिवस किती वर आला ते मलाही कळेना. तांबट आळीही लग्नाला गेली असावी, हातोड्यांचा आवाज नव्हता. मग एकदम वाजंत्री दणाणली, टाळ्या झाल्या. मला वाटलं, लवकर झालं. मग वाटलं, वाट पाहणाऱ्याला वेळ कळत नाही.

सासूबाई दुपारी परतल्या. माझ्यापासून हातभर लांब उभ्या राहिल्या, शिवता येत नव्हतं म्हणून, आणि ओटी सोडून त्यांनी चिंचोके माझ्यासमोर जमिनीवर टाकले. उजव्या बाजूचे वेगळे, डाव्या बाजूचे वेगळे. "मोज," त्या म्हणाल्या. उजवीकडे सात होते. मी पुन्हा मोजले. सातच.

"सातवी बुडाली," त्या उभ्यानेच सांगू लागल्या, "मी सात वाजवल्या. नीट वाजवल्या गं. तेवढ्यात पाणी वाढणारी कुणीतरी बाई आली. तिने घागर टेकवली. तिच्या बांगड्या घागरीला लागल्या, दोनदा. आणि हे उठून उभे राहिले. 'नऊ! मुहूर्त आला!' मी हात वर केला. पण एवढ्या मांडवात मी काय ओरडू? माझ्या नवऱ्याला मोजता येत नाही म्हणून?" त्या खाली बसल्या. "अंतरपाट पडला. मला हलताच आलं नाही."

ओसरीवर मामंजी लाडू खात होते. आपण कुठे जाऊन आलो हे त्यांना आठवत नव्हतं, पण ते खुशीत होते. ते चिंचोके सासूबाईंनी उचलून चुलीत टाकले. संध्याकाळी यमू पाठवणीआधी परसाच्या दाराशी आली. मुंडावळ्या कपाळावर, डोळे रडून सुजलेले. मी लांबूनच हात केला. ती म्हणाली, "तू आली नाहीस. मी तुझ्याशी बोलत नाही." आणि गेली. पुढे माहेरपणाला आली तेव्हाही दोन दिवस माझ्याशी अबोला धरून होती.

दोन वर्षांनी तिचा नवरा तापाने गेला. सात दिवसांचा ताप. आता या वयात मी मुहूर्तांवर पहिल्यासारखा विश्वास ठेवत नाही. बिनचूक मुहूर्तावर लागलेल्या किती लग्नांचं पुढे काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्या दिवशी बातमी आली तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून खाली सरकल्या आणि मला फक्त घागरीचे दोन आवाज ऐकू आले. त्यानंतर सासूबाई फार दिवस जगल्या नाहीत. हे आमच्या दोघींतच राहिलं आणि मग माझ्या एकटीत राहिलं.

यमू माहेरी परत आली ती केस काढून, लाल आलवणात. अकरा वर्षांची. तिच्या मनगटांवर बांगड्या फोडताना लागलेले ओरखडे होते, ते भरायला वेळ लागला. पुराणिकबुवांच्या घरात तिला माजघराच्या पुढे येऊ देत नसत. सणावाराला बायका तिचं तोंड चुकवत. मामंजींची अवस्था एव्हाना अशी होती की त्यांना एकटं सोडता येत नव्हतं. लघवीचं भान नव्हतं. मला ते कधी बहीण म्हणत, कधी आई. घास तोंडात ठेवला तर चावायचा विसरत. दिवसभराच्या कामात मला त्यांच्याजवळ बसायला होईना, तेव्हा पुराणिकबुवांनीच यमूला पाठवलं. "बसेल म्हाताऱ्यापाशी," ते म्हणाले. "नाहीतरी तिला दुसरं काय काम आहे?"

पहिल्याच दुपारी मी ताक घुसळत होते. मधल्या दारातून दोघं दिसत होती. मामंजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी यमूकडे बराच वेळ पाहिलं आणि जुन्या, गोड आवाजात विचारलं, "कुणाची तू, बाळ?"

"पुराणिकांची, काका. समोरच्या."

"अस्सं. लग्न ठरलं का गं?"

माझा हात रवीवर थांबला. यमूने पदर डोक्यावर पुढे ओढला. "नाही अजून," ती म्हणाली. "ठरलं की सांगते."

"सांग हो. मुहूर्त मीच धरणार. तुझ्या बापाला सांगून ठेव." मग ते जरा पुढे झुकले, कुजबुजल्यासारखं बोलले, पण मला सगळं ऐकू आलं. "एक मात्र कर. मागे बस आणि बांगड्या वाजव. आमची सूनबाई वाजवते. ती वाजवते तेवढ्या मी म्हणतो. मला आता मोजता येत नाही. कुणाला सांगू नकोस."

यमूने वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या लग्नात मी मागे बसले नव्हते, हे त्या घरात माझ्याइतकंच तिला ठाऊक होतं. त्याच गोष्टीसाठी ती माझ्याशी रुसली होती. तिला समजायला किती वेळ लागला ते मी पाहिलं. फार लागला नाही. ती आता ओरडेल, उठून जाईल, बापाला सांगेल, असं मला वाटलं, आणि तिने तसं करावं असंही वाटलं.

तिने आपल्या रिकाम्या मनगटांकडे पाहिलं. मग शेजारचा पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि त्यावर नखाने वाजवलं.

"एक," मामंजी म्हणाले.

ती वाजवत गेली. दोन. तीन. तिथे ते अडकले. तोंड उघडं, नजर तिच्यावर, घाबरलेली. यमूने पुन्हा वाजवलं आणि हळूच सांगितलं, "चार, काका."

"चार," ते म्हणाले आणि हसले.

पुढे दीड वर्ष, ते जाईपर्यंत, ती रोज दुपारी येऊन त्यांच्यासाठी मोजत असे. मला तिने कधी काही विचारलं नाही. ती आली की मी ताकाची रवी घेऊन परसात जात असे.